वाकळीवरचा लॅपटॉप

बहिणीची ऑनलाइन परीक्षा होती. सरकारी वाटपात मिळालेला लॅपटॉप आईनं जमिनीवर ठेवू दिला नाही. "विद्या हाय ती, खाली न्हाय ठेवायची," म्हणत तिनं घडी घातलेली वाकळ खाली सरकवली. लोहाऱ्यातलं वैशाखाचं ऊन. लॅपटॉपमधला पंखा घरघरायला लागला, बूड तव्यासारखं तापलं आणि अर्ध्या पेपरात स्क्रीन काळी झाली.

मी लॅपटॉप उलटा केला. हवा आत घ्यायची जाळी तळाशीच होती, वाकळीनं पार बुजलेली. वाटपाच्या दिवशी लंबीचौडी भाषणं ठोकली साहेबांनी. ही जाळी मोकळी ठेवा, एवढं एकालाही सांगावंसं वाटलं नाही!

दोन विटांवर ठेवल्यावर लॅपटॉप निवला, चालू झाला. पेपरची वेळ संपली होती. आई वाकळ छातीशी धरून उभी होती. बहीण म्हणाली, "आई, तुला कुणी सांगितलंच न्हाय की."