विठाबाई शिडीवरून उतरल्या

निमोण्यात पोपटरावांचं रान माळाच्या अंगाला आहे. तिथं विहिरीला पाणी बेताचंच. साखर कारखान्यातली नोकरी संपत आली तेव्हा ते शेतकऱ्यांच्या एका सहलीबरोबर कच्छला गेले, रखरखीत उन्हात डौलात उभी असलेली खजुरीची झाडं त्यांनी बघितली, आणि घरी आल्यावर दुसरं काही बोलेनात.

"ऊन पायजे आन् पाणी थोडं पायजे. मग आपल्यात काय कमी हाय?" ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी विठाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. "ऊन तर हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

ओळखीतल्या कुणाकडून तरी पोपटरावांनी रोपं आणली. ती बियांपासून केलेली होती. पहिले दोन उन्हाळे विठाबाईंनी हंड्यानं पाणी घालून ती जगवली. झाडं वाढली, पानं उंच गेली, पानांच्या बुडाशी सुईसारखे काटे आले. चार-पाच वर्षांनी फुलं आली तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त झाडं नर आहेत. नराला फळ धरत नाही. बियांच्या रोपात नर कुठला आणि मादी कुठली हे फुलल्याशिवाय समजत नाही, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि पोपटरावांनी ऐकलं नसेल. दोन नर ठेवून बाकीचे तोडले. ज्या खड्ड्यात हंडे रिकामे केले होते त्याच खड्ड्यातली झाडं आडवी होताना बघून विठाबाई बांधावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. कुणी हाक मारेपर्यंत उठल्याही नाहीत.

राहिलेल्या झाडांचं काम मात्र वाढलं. थंडी सरली की नराचे तुरे कापायचे, त्यातली पांढरी भुकटी मादीच्या तुऱ्यावर हातानं झटकायची. वाऱ्यावर सोडलं तर फळ नीट धरत नाही. पोपटरावांचे गुडघे एव्हाना कामातून गेले होते. त्यामुळे शिडीवर चढायच्या विठाबाईच. खाली शिडी धरायला शेजारच्या रानातल्या अनसाबाई यायच्या. त्यांचं घर मूळचं मेंढपाळांचं, पण मेंढरं कधीच विकली गेली होती, आता घरचे बाजरी-कांदाच करत. पोपटराव बाजेवरून सांगायचे, "आजून वर. त्या तुऱ्याला लागलं न्हाई."

काटा बोटात मोडला की दोन दिवस हात सुजायचा. त्या सुजेवरच विठाबाई भाकऱ्या करायच्या.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मात्र बरी गेली. जून कोरडा गेला, घड पिवळेधमक झाले, पोपटरावांनी वाटेनं जाणाऱ्याला थांबवून फळ खायला दिलं. मग हवा बदलली. कच्छात म्हणे पाऊस यायच्या आत फळ उतरवून मोकळे होतात. इकडं पाऊस मे महिन्यातच यायला लागला, आणि एकदा आला की हटेना. पिवळं होत आलेलं फळ तडकायचं. आंबूस वास सुटायचा, घडांवर गांधीलमाशा बसायच्या. मग घडाघडाला खताच्या रिकाम्या गोण्या बांधायच्या, ऊन पडलं की त्या सोडायच्या, ढग आले की परत बांधायच्या. एकेका दिवसात शिडी इतक्यांदा लावली जायची की अनसाबाई म्हणायच्या, "विठाक्का, आपण दोघी आता इथंच ऱ्हाऊ, वर."

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळची वेळ होती. विठाबाई तिसऱ्या झाडावर होत्या, कमरेला तुऱ्यांची पिशवी, एक हात पानाच्या देठाला. खालून पोपटराव काहीतरी म्हणाले. विठाबाईंनी हातातला तुरा झटकला नाही. त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग एकेक पायरी खाली उतरल्या.

"काय झालं? चक्कर आली का?" अनसाबाईंनी दंड धरला.

"न्हाई गं."

"मग पाय घसारला?"

"न्हाई. आता मी वर जायाची न्हाई." त्यांनी पिशवी सोडून पोपटरावांच्या बाजेवर ठेवली. "ऐकलं का, आता मी वर जायाची न्हाई."

आवाज चढलेला नव्हता. म्हणून पोपटरावांना आधी ते कळलंच नाही. त्यांनी दुपारी विचारलं, संध्याकाळी विचारलं. मजूर लावू म्हणाले. विठाबाई म्हणाल्या, "लावा. पण शिडी मी धरायची न्हाई, गोण्या मी बांधायच्या न्हाईत, आन् पाऊस आला तर मला उठवायचं न्हाई." मजूर मिळाला नाही. तुरे पिशवीतच सुकले. आठवड्याभरानं पोपटरावांनी स्वतःच दौंडकडच्या जालिंदरला फोन लावला. जालिंदर लग्नाच्या लॉनला मोठी झाडं पुरवायचा. मागं तो झाडं मागायला दोनदा येऊन गेला होता आणि पोपटरावांनी त्याला चहासुद्धा दिला नव्हता.

तो क्रेन घेऊन आला. झाडांची पानं दोरीनं वर बांधली, मुळाभोवतीची माती गोणपाटात आवळली. "मामी, फळाचं आम्हाला काही न्हाई," तो म्हणाला, "झाड दिसाय पायजे. नर-मादी कायबी चालतंय." ते ऐकून विठाबाईंना आधी तोडलेली झाडं आठवली. पोपटराव आत गेले ते गाडी हलेपर्यंत बाहेर आले नाहीत.

मे महिन्यात पाटसजवळच्या एका लॉनवर विठाबाईंच्या भाचीचं लग्न होतं. त्या एकट्याच गेल्या. दारातच आपली झाडं उभी होती, बुंध्यांना लाइटच्या माळा गुंडाळलेल्या. हिरवळीवर रोज पाणी सोडतात, त्यानं खालची पानं पिवळी पडली होती. दोन झाडं पार वाळली होती. विठाबाई जेवल्या, आहेर केला आणि दुपारच्या गाडीनं परत आल्या.

"कशी हायत?" पोपटराव उंबऱ्यातच थांबले होते.

"दोन गेली. बाकीची हायत."

"आन् फळ?"

"तिथं कोण चढतंय फळासाठी?"

पोपटराव उंबऱ्यातून बाजूला सरले. मग म्हणाले, "लई वढलं मी तुला."

"व्हय," विठाबाई म्हणाल्या.

त्यांनी लुगडं बदललं आणि सतरंजी टाकली. पोपटराव भिंतीला धरत चुलीपाशी गेले, चहा ठेवला. साखर कुठल्या डब्यात आहे हे त्यांनी विचारलं, पण तोवर विठाबाईंना झोप लागली होती.