मायच्या कपाटातल्या काचा

नागपूर स्टेशनवर मला निरोप द्यायला माय, भाऊ आणि अर्धी वस्ती आली होती. त्या गर्दीत झेंडूचा हार घेऊन शरीररचनाशास्त्राचे आमचे सरही उभे होते. मेडिकलच्या पहिल्या वर्षी याच सरांनी हातात मेंदू धरून सांगितलं होतं, "जन्मतः मिळतं तेवढंच. पुढे एक पेशी वाढत नाही, कितीही सवलती द्या." सांगताना नजर आमच्या टेबलाकडे. आम्ही धम्म घेतलेल्यांची मुलं, त्यामुळे टेबल अर्थातच शेवटचं. आता त्यातल्याच एका डोक्याला अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली, तर सर हार घेऊन हजर. गाडी सुटल्यावर मी तो हार सीटखाली सारला.

माय एवढंच म्हणाली होती, "कोनाचं आयकून चूप बसू नको वं पोरी."

तिकडे अमेरिकेतले माझे प्रोफेसर गोऱ्या कातडीचे, पण पाठ तोच. वाढ पुरी झालेल्या मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही, म्हणजे नाही. माझं काम उंदरांवर होतं. त्यांना किरणोत्सारी द्रव्य टोचायचं. नव्याने जन्मणारी पेशी ते शोषून घेते. मग मेंदूचे पातळ काप काचेवर घ्यायचे, त्यांना फोटोच्या फिल्मसारखा लेप द्यायचा आणि आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवायचे. काच धुतली की नव्या पेशीवर काळे ठिपके दिसतात. माझ्या काचांवर मोठ्या, वयात आलेल्या उंदरांच्या मेंदूत ठिपके दिसले.

प्रोफेसर म्हणाले, धूळ आहे. तुमच्याकडे प्रयोगशाळा झाडत नाहीत का, असंही हसत विचारलं. मग तेच काम त्यांनी आपल्या लाडक्या विद्यार्थ्याकडून करवून घेतलं. ठिपके तिथेच. आता गोऱ्या हाताला धूळ कशी लागेल? तेव्हा पेशी नव्या ठरल्या, पण चेतापेशी नव्हेत, नुसत्या आधार देणाऱ्या फुटकळ पेशी. मी म्हटलं, तपासून बघू. ते म्हणाले, वेळ घालवू नका, हा कचरा फेकून द्या. लेख बारगळला, शिष्यवृत्ती संपली, आणि मी अमेरिकेतल्याच दुसऱ्या गावातल्या इस्पितळात रोग्यांच्या गाठी तपासायला लागले. काचा मात्र फेकल्या नाहीत.

पुढे सुट्टीत काचांची पेटी घेऊन नागपूरला गेले तेव्हा वांगी चिरत बसलेल्या मायला सगळं सांगितलं. छप्पन साली धम्म घेतल्यावर ती विहारात अक्षरं शिकली होती. तिने विळीवरून मान वर केली.

"काहून वं? म्या चाळिशीत वाचाले शिकली. थे का जुन्याच डोक्यात मावलं?"

शास्त्राच्या दृष्टीने हा काही पुरावा नव्हे. शिकायला नवी पेशी लागतेच असं नाही, हे मला कळतं. पण प्रोफेसरांकडे एवढंसुद्धा नव्हतं. मायने काचांची पेटी घेतली आणि लोखंडी कपाटात आपल्या पुस्तकांशेजारी ठेवली. "इथून तुह्या काचा कोनी फेकत नाही," म्हणाली.

मग ऐंशीचं दशक आलं. कॅनरी पक्ष्याच्या मेंदूत, चांगल्या मोठ्या पक्ष्याच्या, नव्या चेतापेशी जन्मतात असं दुसऱ्यांनी दाखवलं. वारा फिरला की प्रोफेसर लोकांची तोंडंही फिरतात. नागपूरच्या सरांनी कुठल्याशा भाषणात मला "आमची विद्यार्थिनी" म्हटल्याचं भावाने कळवलं. त्यांचा हार अजून सुकला नव्हता तर.

आणि एके दिवशी प्रोफेसरांचा फोन. आवाजात लोणी. त्या चेतापेशीच असाव्यात अशी आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच, म्हणाले. आपल्याला! त्या काचा कुठे आहेत?

"घरी आहेत," मी म्हटलं.

"उत्तम. मग आज संध्याकाळीच माणूस पाठवतो."

मी माझ्या फ्लॅटच्या खिडकीशी उभी होते. भाडं माझं, दारावर नाव माझं, इतकी वर्षं इथेच राहिलेली. तरी "घरी" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे ते लोखंडी कपाट होतं, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

"माणूस नको," मी म्हटलं. "तुम्हीच या. नागपूरला. माझी आई बसून आहे, तिला नीट विचारा. आणि बूट दाराबाहेर काढा, धूळ आत येते."