शेवाळमामांचं नाक

शेवाळमामांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. भाच्यांनी ठेवलेलं हे नाव प्रयोगशाळेपर्यंत पोचलं आणि चिकटलं. त्यात कुणाचा दोष नाही. कारखान्यांची नवी रसायनं गोड्या पाण्यातल्या शेवाळाला घालायची, ते वाढतं की मरतं ते पाहायचं आणि तसं लिहून द्यायचं, हेच मामांचं आयुष्यभराचं काम. शेवाळ रजा मागत नाही, तक्रार करत नाही आणि मरताना आवाज करत नाही. मामांचं त्याच्याशी छान जमायचं.

त्यांची खोली तळमजल्याच्या टोकाला. आत पांढरे दिवे, सतत हलणारं टेबल आणि त्यावर डुलणारे काचेचे फ्लास्क. प्रत्येकात हिरवं पाणी आणि तोंडाला कापसाचं बूच, म्हणजे हवा आत जावी पण धूळ जाऊ नये. चपला काढल्याशिवाय मामा कुणाला आत येऊ देत नसत, आणि काढल्या तरी सहसा देत नसत. ज्यातून बाकीचे सगळे फ्लास्क भरत, तो मूळ शेवाळाचा फ्लास्क ते लग्नाआधीपासून सांभाळत होते. त्याचं पाणी बदलायला सुटीच्या दिवशीही जात. बायकोने या वेडापुढे केव्हाच हात टेकले होते.

एक गोष्ट मात्र मामांनी सगळ्यांपासून लपवली होती. त्यांना वास येत नव्हता. इतकी वर्षं रसायनांत काढल्यावर नाकाने एक दिवस निमूटपणे काम थांबवलं होतं. नियम असा की ज्याला वास येत नाही त्याने रसायनांजवळ थांबायचं नाही. गळती झाली तर त्याला कळणार कशी? अशा माणसाला पुढच्या खिडकीवर बसवत, नमुने घ्यायला आणि पावत्या द्यायला. खिडकीचं नाव निघालं की मामा विषय बदलत. दरवर्षी तपासणीत डॉक्टर एक डबी नाकाखाली धरून हे काय आहे म्हणून विचारत. डबीवर ‘कॉफी’ असं लिहिलेलं असे. मामा थोडा विचार करून कॉफी म्हणत.

घरी ते जास्त काळजी घेत. संध्याकाळी दारातून आत शिरताच म्हणत, “छान वास सुटलाय.” बायको “हो का” म्हणे, आणि मामांचा जीव भांड्यात पडे.

एकदा एका रंगाच्या कारखान्याचं नवं सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारा द्रव, तपासायला आलं. त्याने कारखान्यातली यंत्रं धुणार आणि ते धुण्याचं पाणी रोज जवळच्या तळ्यात सोडणार, असा बेत होता. मामांनी फ्लास्कमध्ये कमी-जास्त मात्रा घातल्या आणि तीन दिवस दिव्यांखाली हलवत ठेवलं. शेवाळ मजेत वाढलं. सगळ्यात जास्त सॉल्व्हंट घातलेलं तर साध्या पाण्यातल्याच्या तोडीस तोड. पाण्यात सॉल्व्हंट किती उरलं ते मोजणारं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, आणि आताशा त्याची आठवणही कुणी काढत नसे. शेवाळाला अपाय नाही, असं लिहून मामांनी कागद मोठ्या बाईंच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, टेबलावर सहीसाठी ठेवला.

त्या संध्याकाळी कपडे भिजवताना बायकोने शर्ट नाकाशी नेला आणि लांब धरला.

“तीन दिवस झाले, तुमच्या शर्टांना गोडसर वास येतोय,” ती म्हणाली. “नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. डोकं उठतं माझं. काही सांडलं होतं का?”

मामांनी काहीच सांडलं नव्हतं. जेवता जेवता त्यांना उलगडा झाला आणि घास हातातच राहिला. कापसातून हवा आत जाते, तसं सॉल्व्हंट बाहेर उडून गेलं होतं. शेवाळ सुखरूप होतं, कारण सॉल्व्हंट त्याच्याकडे थांबलंच नव्हतं. ते मामांच्या शर्टात राहायला आलं होतं. तळ्याला अशी सुटका नव्हती, तिथे ते रोज नव्याने येणार होतं. बंद खोलीत तीन दिवस मामांनी तीच हवा मनापासून हुंगली होती. त्यांना फार लाज वाटली.

सकाळी त्यांनी बाईंच्या टेबलावरून कागद परत घेतला आणि सगळं पुन्हा मांडलं, या वेळी काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत. आत हवा नाही म्हणून शेवाळाच्या पोटापाण्याची सोय आधीच पाण्यात विरघळवून ठेवली. काम संपलं तेव्हा साध्या पाण्याची बाटली हिरवीगार होती. सॉल्व्हंटच्या बाटल्या ओळीने फिकट होत गेल्या होत्या, आणि शेवटच्या बाटलीतून पलीकडची भिंत दिसत होती.

ती बाटली आणि दोन्ही निकाल घेऊन मामा बाईंकडे गेले. चूक कापसाची, हे बाईंना लगेच पटलं. मग त्यांनी विचारलं, की एवढे दिवस तुम्ही त्या खोलीत होतात, मग वास कसा आला नाही. मामा बाटलीचं झाकण घट्ट करू लागले. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनीच वाट काढून दिली.

“सर्दी झाली होती का?”

सर्दी हे उत्तम उत्तर होतं. मामा सकाळपासून तेच घोकत आले होते. फक्त हो म्हणायचं होतं. पण हातातल्या बाटलीतून बाईंचं टेबल स्वच्छ दिसत होतं, आणि मामांच्या मनात आलं, पुढच्या वेळी बायकोने शर्ट न हुंगताच भिजवला तर?

“नाही,” ते म्हणाले. “मला वासच येत नाही. बरीच वर्षं झाली.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. नियम तो नियम. मामांना खिडकी मिळाली. मूळ शेवाळाचा फ्लास्क त्यांनी शेजारच्या विभागातल्या एका सहकारिणीच्या हाती सोपवला, त्याला काय मानवतं आणि काय नाही ते सांगितलं, चपला बाहेर काढायला बजावलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

संध्याकाळी ते घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

“आज म्हणाला नाहीत, छान वास सुटलाय?”

मामांनी मान खाली घातली. “अगं, मला वास येत नाही. आज बाईंना सांगून टाकलं. खिडकीवर बसवलंय मला.”

खिडकीचं ऐकून ती त्यांच्याजवळ येऊन बसली. वासाचं तिला नवीन नव्हतं. फार वर्षांपूर्वी ती तापाने पडली होती, घरात चूलसुद्धा पेटली नव्हती, आणि मामा दारातूनच छान वास सुटलाय म्हणाले होते. तेव्हापासून तिला माहीत होतं.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही म्हणायचं सोडलं असतं.”

मामा उठले, चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि पुन्हा आत आले.

“छान वास सुटलाय.”

“हो का,” बायको म्हणाली.