मायची कढई आन माह्या बरगड्या

गड्यांनो, आज माह्याच हातचा घास मले गोड लागला नाही.

माय मालेगावले बहिनीकडे गेली होती. म्या मोबाईलवर पाहून डुकराच्या बरगड्या चायनीज पद्धतीनं केल्या. सोया सॉस, मध आन लसन आटवून अशी चकाकी आनली, का विचारू नका!

आमच्याकडे मटनाचा गंज, म्हंजे पातेलं, येगळा, त्याची चूल बी आंगनात. पन गंज लहान पडला, म्हनून म्या घरातली जाड कढई घेतली.

दुपारी माय आली. "यात पुरन शिजते ना रे बाबू," एवढंच बोलली.

तिच्या लग्नात तिच्या मायनं देलेली कढई. तिनं ते राखेनं घासली आन बाहेर, मटनाच्या गंजाजवळ पालथी घातली.

मंग मलेच विचारते, "जमल्या का रे बरगड्या?"

म्या "हो" म्हनलो. तुमी काय म्हनलं असतं?