तक्रार क्रमांक अठ्ठ्याऐंशी

१४ जून २०२४, शुक्रवार. राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात माया तायडे यांनी दोनशे एकोणपन्नास रुपये रोख देऊन एक पुस्तक घेतलं. ‘तीस दिवसांत बोलतं इंग्रजी’. लेखिका, आचल तायडे. दुकानदाराला त्यांनी सांगितलं नाही की लेखिका आपली भाची आहे, आपल्याच घरी चार वर्षं राहून बी.कॉम. झालेली. सांगावंसं वाटलं नाही, कारण दुकानात उभ्या उभ्या त्यांनी पहिलं पान उघडलं होतं आणि त्यावरचं पहिलं वाक्य वाचलं होतं.

‘बसेस दॅट डोन्ट स्टॉप.’

हे वाक्य पुंजाराम चौकीदाराचं होतं. १२ ऑगस्ट २०१९. तारीख मायाताईंना पाठ होती, कारण ती त्यांच्याच हातानं त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाच्या रजिस्टरात लिहिलेली होती. पुस्तक घेण्याच्या आदल्या दिवशी पुंजारामच त्यांना म्हणाला होता, “मॅडम, तुमचं रजिस्टर छापून आलं वाट्टे. माह्या नातवानं दाखवलं.” तेव्हा त्या हसल्या होत्या.

मायाताई पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. लग्न केलं नाही. नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यातून शिकून आल्या आणि १९९४ साली पहिली नेमणूक धारणीला मिळाली. तिथला साहेब परप्रांतातला. मराठी शून्य, आणि मायाताईंचं इंग्रजी फक्त कागदावरचं. तीन महिने त्या साहेबासमोर मान हलवण्यापलीकडे काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस साहेबानं विचारलं की कामं का रखडली. मायाताईंचं डोकं फिरलं आणि तोंडातून एकामागून एक बाहेर पडायला लागलं: रस्ते जे टिकत नाहीत, जीपगाड्या ज्या येत नाहीत, बिलं जी मंजूर होत नाहीत. रोड्स दॅट डोन्ट लास्ट, जीप्स दॅट डोन्ट कम. साहेब ऐकत राहिला. त्या दिवशी त्यांना कळलं की माणसाची जीभ तक्रारीनं सुटते.

पुढे अमरावतीत बदली झाल्यावर त्यांनी वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा वर्ग सुरू केला. वर्गाला फी नव्हती. ज्यानं त्यानं रोज एक तक्रार आणायची, एवढंच. तीही अनेकवचनात.

नव्या माणसाला त्या फळ्यावर समजावून सांगत. “आपल्या मराठीत तक्रार आधी येते, माणूस मागून. न थांबणाऱ्या बसेस. इंग्रजीत उलटं. आधी बसेस उभ्या करायच्या, मग ‘दॅट’चा आकडा अडकवायचा, मग ‘डोन्ट’चा डबा जोडायचा. माणसं असली तर ‘दॅट’च्या जागी ‘हू’. आणि एकापेक्षा जास्त असले की ‘डोन्ट’ बदलत नाही, म्हणून चुकायची भीती नाही.”

“मंग एकच बस असली तं?” पुंजारामनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“एकीचं नाव घ्यायचं नाही. एकीचं नाव घेतलं की भांडण लागतं, पुंजारामभाऊ. ‘माझा नवरा’ म्हणायचं नाही, ‘हजबंड्स’ म्हणायचं. सगळे नवरे नाही, जे घरी येत नाहीत तेवढेच. कोणाचा, ते कोणी विचारायचं नाही. इथं बोललेलं इथंच राहील.”

हा नियम वर्गानं असा पाळला की बाहेरच्याला नवल वाटावं. एखादी बाई उभी राहून ‘ब्रदर्स हू डोन्ट गिव्ह शेअर’ म्हणायची आणि सगळे व्याकरण तेवढं तपासायचे. माना वर व्हायच्या नाहीत. हसू यायचं ते पुंजारामच्या वाक्याला, ‘डॉग्ज दॅट डोन्ट लेट वॉचमन स्लीप’ असल्या.

मायाताईंकडून एकच गोष्ट नको ती झाली. त्या निवडक वाक्यांचं रजिस्टर ठेवत. अनुक्रमांक, तारीख, वाक्य, दुरुस्ती, आणि बोलणाऱ्याचं नाव. नावाची काही गरज नव्हती. पण तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला नावाशिवाय नोंद करवत नाही.

आचल घरी राहायला आली, वर्गालाही बसायला लागली, तेव्हा तिनं रजिस्टर पाहिलं. मायाताईंच्या धाकट्या भावाची ही पोरगी. भाऊ दारूत वाया गेला, दारव्ह्याकडे कुठंतरी राहतो म्हणतात. पोरगी हुशार, बोलायला गोड. “आत्या, हे मी कॉम्प्युटरवर टाइप करून देतो. पानं फाटून राहिली ना,” ती म्हणाली. दोन दिवाळ्या मिळून तिनं सगळं टाइप केलं. मायाताईंनी शेजारी बसून तिला संत्री सोलून दिली. मग ती अकोल्याला गेली, तिथं तिनं स्वतःचे वर्ग काढले. फोनवर विचारलं की म्हणायची, काम सुरू हाय, आत्या.

पुस्तक पिशवीत घालून मायाताई त्या दिवशी घरी निघाल्या. वाटेत बेबीताई मेथी-पालक घेऊन बसतात, तिथं थांबल्या. बेबीताई वर्गातल्या जुन्या विद्यार्थिनी. पुण्याला मुलगा गोपाल इंजिनिअर. त्याची मुलगी खुशी सहा वर्षांची, तिला मराठी धड येत नाही. नातीशी फोनवर दोन शब्द बोलता यावेत म्हणून आजी साठाव्या वर्षी इंग्रजी शिकायला बसली होती. रविवारी रविवारी फोन यायचा.

“मॅडम, रविवारी खुशी म्हणे, आजी, व्हॉट डू यू डू? मी म्हटलं, आय गार्डन!” बेबीताई हसल्या. “खोटं नाई ना झालं?”

“नाही हो. हिरवं आहे ना सगळं.”

त्यांनी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली. पाचशेची नोट होती, सुटे नव्हते.

“दहा रुपयासाठी काय नोट मोडता? उद्या देजा.”

घरी येऊन मायाताईंनी चहासुद्धा ठेवला नाही. रजिस्टर काढलं, पुस्तक शेजारी ठेवलं आणि पेन्सिल घेऊन एकेक वाक्य ताडून पाहायला लागल्या. रजिस्टरात दोनशे तेरा नोंदी. पुस्तकात प्रत्येक वाक्याखाली चार ओळींची ‘खरी गोष्ट’ होती. नावं बदललेली. पण वस्ती, धंदा, गाव, सगळं तसंच. रजिस्टरातल्या नावावरून माणूस ओळखायला आचलला वस्तीत काढलेली चार वर्षं पुरली होती. ‘ब्रदर्स’खाली तीन एकराचा हिशेब होता. ‘हजबंड्स’खाली कोणत्या नाक्यावरचं दुकान तेही होतं.

एकशे एक्केचाळीसवर त्यांचा हात थांबला. ‘सन्स हू डोन्ट से, मदर्स सेल मेथी.’ मेथी हा शब्द इंग्रजी न करता तसाच ठेवलेला, गंमत म्हणून. खाली: अमरावतीच्या बाजारात मेथी विकणारी एक आई. पुण्यात इंजिनिअर असलेल्या मुलानं सासरी सांगितलंय की आई शाळेत शिक्षिका होती. आई सहा वर्षांच्या नातीसाठी इंग्रजी शिकते.

अर्पणपत्रिका त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिली. ‘मला घडवणाऱ्या सर्व शिक्षकांना.’

शनिवारी बेबीताई वर्गात आल्या नाहीत. पुंजाराम दारातच थांबला होता. “मॅडम, त्या मेथीच्या गोष्टीचं रील बी केलं आचलनं. गोपालच्या सासऱ्यानं पायलं. काल रातच्याला गोपालचा फोन आला बेबीताईले. म्हणे, तू माही इज्जत काढली, आता फोन करू नोको.”

“खुशी?”

“तिचाच तं फोन बंद केला म्हणतो मी.”

रविवारी मायाताई सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेल्या. पिशवीत रजिस्टर होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी काय बोलायचं ते तीन वेळा ठरवलं. आचलचा वर्ग जठारपेठेत पहिल्या मजल्यावर. बाहेर आचलचाच फोटो, हाताची घडी घातलेला.

“आत्या! सांगितलं असतं तं स्टँडवर घ्याले आली असती.” तिनं पाया पडून खुर्ची पुढं केली, पाणी आणलं. “पुस्तक मिळालं ना? तुले सही करून द्याची होती मले.”

“विकत घेतलं.”

“अवं, विकत काहून?”

“आचल, बेबीताईंचा मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. नातीचा फोन बंद केलाय. ते रील काढ. आणि पुस्तकातनं ती गोष्ट काढ.”

आचल थोडी गडबडली, पण लगेच सावरली. “रील काढतो. पण आत्या, दोन लाख लोकांनी पायलं ते. आन् दुसरी आवृत्ती छापाले गेली, तिथं आता काही होत नाई. मी नाव कुठी घेतलं? तूच तं शिकवलं, अनेकवचनात बोला, कोणाच्या अंगाले येत नाई.”

“मी नाव लपवायला शिकवलं होतं. तू पत्ता छापलास.”

“गोष्ट खरी वाटल्याशिवाय कोणी वाचत नाई. तू वीस-पंचवीस लोकांले शिकवते, मी हजारांले शिकवून राहिलो. तुहीच पद्धत हाय, पुढं गेली ना? तुले आनंद काहून होत नाई?”

“माझं नाव नाही त्यात, त्याचं मला काही नाही,” मायाताई म्हणाल्या. ते पूर्ण खरं नव्हतं, पण त्या त्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि खुणेच्या चिठ्ठीपाशी उघडलं. “दोनशे तेरा नोंदी. तू दोनशे बारा छापल्यास. मी दोनदा ताडून पाहिलं.”

आचलनं पानाकडे पाहिलं नाही.

“अठ्ठ्याऐंशी नंबर. ‘फादर्स हू डोन्ट कम टू सी.’ सव्वीस जानेवारी, झेंडावंदन करून आलो होतो. बोलणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव आहे. हे काहून नाही छापलं?”

खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. आचल ग्लासाच्या कडेवर बोट फिरवत होती.

“ते माहं हाय, आत्या.”

“मग बाकीची कोणाची होती?”

मायाताईंनी रजिस्टर मिटलं. गाडीत बसून ठरवलेलं बरंच बोलायचं राहिलं होतं, पण पोरीला कळत नव्हतं असं समजून ते ठरवलं होतं. कळत होतं. एक नोंद बाजूला काढण्याइतकं नीट कळत होतं. त्यांनी ते पिशवीत ठेवलं. आचल जिन्यापर्यंत आली. जेवून जा म्हणाली. मायाताई दुपारच्या गाडीनं परत आल्या.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर त्या बाजारात गेल्या. बेबीताई मेथीवर पाणी शिंपडत होत्या.

“बेबीताई, मी तिला दिलं नव्हतं. टाइप करायला म्हणून घेतलं तिनं.”

“मले माईत हाय. तुमी तशा नाई.” बेबीताईंनी डबा खाली ठेवला. “पर एक सांगा, मॅडम. तुमी म्हणत, नाव घ्याचं नाई. मंग रजिस्टरात माहं नाव काहून होतं?”

तीस वर्षांत कोणत्याही लेखापरीक्षकानं मायाताईंना असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर फायलीत नाही.

“सवय,” त्या म्हणाल्या.

“हं,” बेबीताई म्हणाल्या, आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “काय देऊ, बाई?” मायाताईंनी पाकीट उघडलं होतं. बेबीताईंनी हात पुढं केला नाही.

वर्ग बंद झाला नाही. आठवडाभरानं अकरा जण आले. मायाताईंनी आता रजिस्टर ठेवणं बंद केलं होतं, टेबलावर फक्त खडू आणि डस्टर. नेहमीप्रमाणे एकेकानं उठून वाक्य म्हटलं. ट्रीज दॅट डोन्ट वॉक. कॅट्स दॅट डोन्ट स्विम. पुंजारामही उठून म्हणाला, “फिश दॅट डोन्ट ड्रिंक टी.” कोणी हसलं नाही. एकाही वाक्यात चूक नव्हती. मायाताईंनी सगळ्यांना बरोबर म्हटलं आणि पंधरा मिनिटं आधी वर्ग सोडला.

बेबीताईंची जागा जुलैपासून रिकामी आहे. त्या बडनेऱ्याच्या बाजारात बसतात असं पुंजाराम सांगतो. मायाताई दोनदा तिकडे जाऊन आल्या, भेट झाली नाही. सांभाराच्या जुडीचे दहा रुपये अजून द्यायचे आहेत.