अडतीस, बराबर!

आमच्या आबांनी आयुष्यभर मेंढरं राखली, पण एकही कधी हरवलं नाही. हरवले ती मी, त्यांची सख्खी लेक.

मी तेव्हा दहावीत होते. शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली. डोंगरावरचं जुनं गाव, किल्ला, इंग्रजांच्या काळातली चर्चं, आणि रातोरात परत आमच्या गावी, औंढ्याला. लेकरू एकटं काहून धाडायचं, असं आई म्हणाली, म्हणून काठी, घोंगडी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन आबा सोबत आले. (मैत्रिणींनी गॉगल आणले होते. मी आबा आणले.)

पोरांची यादी सर शाळेतच विसरले होते. त्यांनी मोजली तर पोरं एकदा छत्तीस भरली, एकदा एक्केचाळीस. आबांना ते बघवेना. त्यांनी बसच्या दारात काठी आडवी धरली, मला शेजारी उभं केलं आणि एकेकाला आत सोडलं.

"अडतीस. बराबर."

सरांनी मोजणी त्यांच्यावरच सोपवली आणि खिडकीशी डुलकी काढली. मागे रेंगाळणारी पोरं वळून आणायचं काम माझ्याकडे आलं. किल्ला, तलाव, दरी, सगळीकडे मी पळत होते. (दरी मी पाहिलीच नाही. दरी पाहणारी पोरं पाहिली.) प्रत्येक ठिकाणी आबा काठी धरायचे, मी शेजारी उभी राहायचे, आणि पोरं अडतीसच भरायची!

सगळ्यात शेवटी चर्च होतं. मागच्या बाजूला फोटो काढत बसलेल्या तीन पोरींना आणायला आबांनी मला धाडलं. पोरी दुसऱ्या वाटेने बसकडे गेल्या आणि मी त्यांना शोधत आत शिरले. आत थंडगार शांतता आणि लांबलचक बाकं. देवाच्या घरात बसायला बाक असतो हे मला नवीनच होतं. पहाटेपासून पळून पाय दुखत होते, म्हणून घडीभर टेकले आणि झोपले.

जाग आली तेव्हा बाहेर बस नव्हती, नुसतं धुकं होतं. मी पायरीवर बसून मोठ्याने रडले. आता आपण घरी कधीच पोचणार नाही, असं मला खरंच वाटलं.

पुढचं मैत्रिणींनी सांगितलं. आबांनी दारात अडतीस मोजली आणि बस सुटली. बस निम्मा घाट उतरली तेव्हा आबांनी मला अर्धी भाकरी द्यायला मागे वळून पाहिलं आणि ती त्यांच्या हातातच राहिली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. बस वळवायला जागा मिळेपर्यंत आबा काठी घेऊन दारातच उभे होते.

धुक्यातून मला आधी बस दिसली नाही, हाक ऐकू आली. मेंढरांना घालायचे तीच. मी धावले. आबांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

सर भडकले होते. सगळी पोरं मोजली आणि स्वतःचीच लेक कशी मोजली नाही, असं त्यांनी विचारलं.

आबांनी घोंगडीने डोळे पुसले. "मेंढरं मोजतानी कुत्रं कोन मोजतं, सर? ते येतंच की मागून."

अडतीस पोरं खिडक्यांतून हसली. त्यानंतर दहावी संपेपर्यंत वर्गात मला कुणी नावाने हाक मारली नाही, नुसती शिट्टी वाजवायचे.

आता मी स्वतः मास्तरीण आहे. सहलीत पोरं मोजताना पहिला आकडा स्वतःचा धरते. मग एक पोरगं जास्त भरतं आणि ते कुणाचं, हे शोधायला मी अख्खी बस खाली उतरवते.