एका डीएपीला सहा फेटे

एका डीएपीच्या पोत्याचे काम दुसऱ्या खतांकडून करून घेता येईल का? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी कडेगाव तालुक्यातील एका बांधावर उभा होतो. समोर शालनकाकूंच्या उसाच्या सऱ्या तयार होत्या. कडेला बेणे, म्हणजे लागणीसाठी तोडलेल्या उसाच्या कांड्या, पडून होते. लागण आजच व्हायला हवी होती. नाहीतर बेण्याचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वाळले असते. तालुक्यातल्या दुकानांत मात्र डीएपी नव्हते.

टंचाईवर सरकारने पर्यायी खतांची प्रात्यक्षिके गावोगावी घ्यायला सांगितले होते. मी कृषी अधिकारी, म्हणून हे काम माझ्याकडे. हिशेब शाळेतला आहे. डीएपीच्या पन्नास किलोंच्या पोत्यात नऊ किलो नत्र आणि तेवीस किलो स्फुरद असते. सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांतून चोवीस किलो स्फुरद मिळते आणि युरियाच्या अर्ध्या पोत्यातून सुमारे दहा किलो नत्र.

काकूंचे दीर बाजीराव यांनी कराडहून डीएपी मिळवून शेजारच्या रानात सकाळीच लागण उरकली होती. ते म्हणाले, "एकाच्या जागी साडेतीन पोती? वैनी, सरकार तुमास्नी हमाली लावतंय."

"लावू द्या. तुमच्या दारात पोतं मागाय आले न्हाई मी," काकू म्हणाल्या.

इतक्यात तालुक्याचे साहेब आले. "खत कालवून ठेवा. रिपोर्टला ढिगासोबत फोटो लागतो."

"सर, युरिया आणि सुपर कालवले की लगेच टाकावे लागते. ठेवले तर पाणी सुटते."

"पाचच मिनिटे हो."

कालवले. फोटो झाला. मग सरपंचांनी पिशवीतून फेटे काढले. पाहुण्याने सत्कार न घेता सरीत पाय ठेवणे त्या गावात अशक्य. साहेबांना फेटा, मला फेटा, ड्रायव्हरला फेटा. मग सत्कार करणारे तिघे तसेच राहिले, म्हणून त्यांनाही. प्रत्येकाचे दोन शब्द झाले; सरपंचांचे बरेच अधिक. हवा दमट होती. आम्ही वळून पाहिले तेव्हा ढिगाचा राखाडी चिखल झाला होता.

काकूंनी त्यात बोट घातले. "आवं सायेब, ह्ये सरीत टाकायचं का थापायचं?"

पहिले बाजीराव हसले, मग सगळा बांध. सरपंचांना उचकी लागली. साहेबांचा फेटा सुटला.

हसू ओसरल्यावर काकूंनी हळूच विचारले, "ताकद गेली का वो ह्यातली?"

"नाही. ओले झाले आहे, वाया गेलेले नाही. फक्त गोळे टाकू नका, बेण्याचे डोळे भाजतील. कोरडे शेणखत आहे?"

"हाय की, लय हाय."

मग सहा फेटेवाले ओळीने उकिडवे बसले आणि चिखल शेणखतात चुरू लागले. "बारीक करा, सायेब. तुमच्या वाट्याला गुठळ्या लय," काकू म्हणाल्या. साहेब निमूटपणे पुन्हा चुरू लागले. दिवस मावळायच्या आत लागण पुरी झाली.

उगवण झाल्यावर मी दोन्ही रानांतून हिंडलो. बाजीराव मागोमाग होते. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "फरक दावा बरं." मला दाखवता आला नाही. "मग त्यो हिशेब माझ्या मोबाईलवर टाका," ते म्हणाले, "आन् वैनीला सांगू नगा."

धडा एवढाच: आधी सत्कार घ्यावा, नंतर खत कालवावे. आकड्यांसाठी माझ्यावर विसंबू नका. पोत्यावर टक्केवारी छापलेली असते. तिला वजनाने गुणा, शंभराने भागा आणि स्वतः पडताळून पाहा.